अंदमान : गाडी बोटीत चढवून डिगलीपूरपर्यंत कोणी गेलंय का? (सोबत सासू-सासरे आणि दोन मुलं)

ऐरोलीची_आई

नमस्कार मंडळी, दिवाळीच्या सुट्टीत ८ दिवस अंदमान ठरतंय. आम्ही सहा जण. मी, नवरा, मुलगा १३, मुलगी ७ आणि सासू-सासरे (सासरे ७१, गुडघे सोडले तर आमच्यापेक्षा फिट). गेल्या वर्षी ऐरोलीहून आपलीच गाडी काढून गणपतीपुळ्याला गेलो, जाताना दाभोळ-धोपावे आणि मग तवसाळ-जयगड अशा दोन्ही फेरीबोटी गाडीसकट केल्या आणि खरं सांगायचं तर पोरांना देवळापेक्षा बोटच लक्षात राहिली. सासऱ्यांनी धोपाव्याला उतरल्यावर "परत एक चक्कर मारून येऊ का" असं विचारलं होतं, तेही गंभीरपणे. पण मुलगी म्हणे यात बेट कुठे होतं, पुस्तकात बेट म्हणजे चारही बाजूंनी पाणी. झालं, तिथून अंदमानचं खूळ शिरलं.

आता प्रश्न. पोर्ट ब्लेअरला गाडी घेऊन बेटाबेटांवर फिरता येतं का? हॅवलॉकला गाडी नेता येते का? सेल्फ ड्राइव्ह मिळते का, नवऱ्याला दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग बघवत नाही. आणि डिगलीपूर, म्हणजे पार उत्तरेकडचं गाव, एजंट म्हणतो "मॅडम तिकडे कोणी जात नाही", म्हणून मला जास्तच जावंसं वाटतंय.

घोडबंदरचा_ड्रायव्हर

आम्ही दोन वर्षांपूर्वी गेलो होतो, डिगलीपूरपर्यंत, आई आणि दोन मुलं घेऊन. सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

पहिलं म्हणजे अंदमानची ट्रिप ही दोन वेगळ्या ट्रिपा आहेत हे डोक्यात बसवा. उत्तरेकडे, म्हणजे साउथ अंदमान, बाराटांग, मिडल, नॉर्थ, ही बेटं एकामागोमाग एक लागून आहेत आणि त्यांच्यावरून अंदमान ट्रंक रोड जातो, तिथे गाडी चालते. हॅवलॉक आणि नील बाजूला समुद्रात आहेत, तिथल्या प्रायव्हेट बोटींत गाडी जात नाही, फक्त माणसं आणि बॅगा. दीड ते अडीच तास लागतात. तिकडे उतरून रिक्षा, टॅक्सी नाहीतर भाड्याची स्कूटर. तिकिटावर स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप लिहिलेलं असतं, २०१८ ला नावं बदलली, आणि पोर्ट ब्लेअरचं २०२४ ला श्री विजयपुरम झालं, त्यामुळे बुकिंग करताना गोंधळू नका. अजून एक गंमत, रॉस नावाची दोन बेटं आहेत. एक पोर्ट ब्लेअरसमोर, इंग्रजांच्या पडक्या इमारतींचं, आणि दुसरं थेट डिगलीपूरजवळ, रॉस अँड स्मिथ, ओहोटीला वाळूच्या पट्टीवरून एका बेटावरून दुसऱ्यावर चालत जाता येतं. तुमच्या मुलीला हे दुसरं दाखवा, बेटाचा प्रश्न कायमचा मिटेल.

सेल्फ ड्राइव्हचा नाद सोडा. गाड्या कमी, आणि ट्रंक रोडला कॉन्व्हॉयचे (पोलिसांबरोबर जाणाऱ्या गाड्यांच्या ताफ्याचे) कागद, बोटीची लाइन, कुठला पंप चालू आहे हे सगळं तिथल्या ड्रायव्हरला पाठ असतं. नवऱ्याला सांगा, पुढच्या सीटवर बसून सूचना द्यायला मोकळे आहात.

आता मेन गोष्ट. पोर्ट ब्लेअरहून ४०-४५ किमीवर जिरकाटांग चेकपोस्ट. तिथून पुढे जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून साधारण ५० किमी, सगळ्या गाड्या पोलिसांबरोबर कॉन्व्हॉयमध्येच, मध्ये थांबायचं नाही, काच खाली करायची नाही, फोटो नाही. पहिला कॉन्व्हॉय सकाळी ६ चा, म्हणजे हॉटेलातून पहाटे साडेतीन-चारला निघायचं. आमचा ड्रायव्हर उशिरा आला आणि आमच्या डोळ्यादेखत गेट पडलं, मग पुढच्या कॉन्व्हॉयपर्यंत तीन तास, मुलं पेंगतायत, आई जप करतेय. त्यामुळे आदल्या रात्री ड्रायव्हरला फोन करून झोपा.

जंगल संपलं की मिडल स्ट्रेटची जेट्टी. इथे तुमच्या सासऱ्यांची चैन आहे. सपाट बार्ज, त्यावर बस, टेम्पो, आपली गाडी सगळे अंगाला अंग लावून, माणसं खाली उतरून उभी, दोन्ही बाजूला खारफुटी. पाण्यात हात घालू देऊ नका, मगरींचे बोर्ड उगाच लावलेले नाहीत. दाभोळच्या खाडीची आठवण येते पण पाणी हिरवंगार. एका दिवसासाठी बाराटांगला येणारे बहुतेक लोक गाडी अलीकडेच ठेवून चालत बोटीत चढतात, तुम्ही पुढे जाणार असाल तर गाडीच चढवायची. आधी पुढे अजून एक अशीच बोट होती, आता तिथे आझाद हिंद फौज सेतू झालाय. सोयीचं झालं पण मला जरा वाईटच वाटलं.

कळवा_ते_कुठेही

बेटासाठी अंदमानला कशाला, ऐरोली पुलावरून मुलुंडला जा, तुम्ही साष्टी बेटावर पोचलात 😄 चारही बाजूंनी पाणी, खाडीचं का असेना. ठाण्याचे निम्मे लोक बेटावर जन्मले आणि त्यांना पत्ताच नाही.

नेरुळकर_काका

वरच्या माहितीबद्दल काही म्हणणं नाही पण एक बोलतो, राग मानू नये. त्या रस्त्याने जाणारे बरेच लोक जारवा दिसतात का हेच बघायला जातात, मी स्वतः टूरमध्ये "दिसले का, दिसले का" ऐकलंय आणि शरम वाटली. १९९९ ला त्यांच्यात गोवराची साथ आली होती, बाहेरच्यांच्या संपर्काची भीती उगाच नाही. सुप्रीम कोर्टाने २००२ ला राखीव भागातला हा रस्ता बंद करायला सांगितला होता, तरी तो चालूच आहे. डिगलीपूरला सरकारी बोटही जाते, वेळ लागतो पण समुद्रातून. मी असतो तर तसाच गेलो असतो. रस्त्यानेच जायचं तर निदान मुलांना आधी समजावून न्या, की ते लोक त्यांच्या घरात आहेत आणि आपण त्यांच्या अंगणातून चाललोय.

ऐरोलीची_आई

काका राग कसला, उलट बरं झालं लिहिलंत. मुलाने ऐकल्याऐकल्या "कॅमेरा घेऊ ना" विचारलंच होतं, त्याच्याशी बोलते आज. @कळवा, सासऱ्यांना साष्टीचं वाचून दाखवलं, ते म्हणाले "म्हणजे मी ठाण्यात तीस वर्षं बेटावर राहिलो आणि भाडं मात्र साध्या घराचं दिलं". @घोडबंदर, ८ दिवसांत डिगलीपूर आणि हॅवलॉक दोन्ही बसतं का?

डोंबिवलीची_मावशी

बसवलं तर बसतं, पण ७१ वर्षांच्या गुडघ्यांना विचारा. पोर्ट ब्लेअर ते डिगलीपूर ३०० किमीच्या आसपास, बोट आणि कॉन्व्हॉय धरून दहा-बारा तास, घाटासारखी वळणं. आम्ही वाटेत मिडल अंदमानातल्या रंगतला रात्र मुक्काम केला, तिथलं धानी नाला खारफुटीमधून लाकडी वाटेने चालत जायचं ठिकाण आहे, सासऱ्यांना जमेल. बाराटांगची चुनखडीची गुहा मात्र विचार करून, स्पीडबोटीनंतर बरंच चालायचं आहे. येताना सगळा रस्ता परत करू नका, रंगतहून हॅवलॉकला सरकारी बोट असते, रोज नसते, वेळ आधी बघा. आम्ही गाडी रंगतहून रिकामी परत पाठवली, भाडं दोन्ही बाजूंचं लागलं पण एक अख्खा दिवस वाचला.

दिवाळीत तिकडे पाऊस परत येऊ शकतो, समुद्र खवळला की बोटी रद्द, म्हणून विमानाच्या आधीचा दिवस पोर्ट ब्लेअरलाच ठेवा. ॲव्होमिन (बोट लागू नये म्हणून गोळी) आणि रोख पैसे जवळ असू द्या.

ऐरोलीची_आई

मावशी, रंगतहून हॅवलॉक हे डोक्यातच नव्हतं! मग असं करतो, आधी उत्तर, मग हॅवलॉक, शेवटचे दोन दिवस पोर्ट ब्लेअर, सेल्युलर जेल तेव्हाच. नील कापलं, नवरा हिरमुसलाय. पहाटे साडेतीनला निघायचं म्हटल्यावर सासूबाईंचा एकच प्रश्न, वाटेत चहा कुठे मिळेल?

घोडबंदरचा_ड्रायव्हर

जिरकाटांगला चेकपोस्टजवळ टपऱ्या आहेत, कॉन्व्हॉयची वाट बघणाऱ्यांसाठीच. चहा, इडली, वडा. पण आधी ड्रायव्हरला फॉर्म भरू द्या, मग चहा. आम्ही उलटं केलं होतं.