तिलारी-म्हादईच्या बातम्यांचे तीन राज्यांत तीन तुकडे होतात. वार्ताहरांनी एकत्र यावं का, आणि आकाशवाणीला सोबत घ्यावं का?

दोडामार्गकर

तिलारी धरणाचा कालवा फुटला की दुसऱ्या दिवशी आमच्याकडे दोन वेगळ्या बातम्या वाचायला मिळतात. सिंधुदुर्ग आवृत्तीत असतं की पाणी बागायतीत शिरलं, माडा-पोफळीच्या बुंध्यात चिखल बसला. पणजीच्या पेपरात असतं की बार्देश-पेडण्याचे नळ कोरडे, टँकर मागवले. कालवा एकच आणि पाणीही एकच. पण कालव्याचं अस्तरीकरण कोणी केलं, दुरुस्तीची बिलं किती वेळा निघाली, मोजमाप पुस्तकात (किती काम झालं याच्या सरकारी नोंदवहीत) काय लिहिलंय, हे मला दोन्हीकडे सापडत नाही. प्रकल्प दोन राज्यांचा आहे, खर्चात गोव्याचा वाटा ७३.३० टक्के आणि महाराष्ट्राचा २६.७० टक्के, म्हणजे अर्धे कागद इकडच्या ऑफिसात आणि अर्धे तिकडच्या, आणि आमचा वार्ताहर बांद्याच्या पुढे जात नाही, त्यांचा पत्रादेवीच्या अलीकडे येत नाही.

म्हादई नदीचं तर विचारूच नका, तिच्या पाण्यावर कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र तिघे भांडतायत. २०१८ साली पाणीवाटप लवादाने कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट), गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी दिलं. तिन्ही राज्यांतले पेपर वाचा, प्रत्येकाला आपल्यावरच अन्याय झालाय असं वाटतं. नदीच्या काठाकाठाने चालत जाऊन तिन्ही बाजूंचे कागद एकत्र लावलेली एक बातमी मला अजून वाचायला मिळालेली नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. सावंतवाडी, दोडामार्ग, पणजी, डिचोली, बेळगाव, खानापूर इथल्या दहा-बारा वार्ताहरांनी कायमची एक फळी करावी, कागद एकमेकांना द्यावेत आणि बातमी सगळीकडे एकाच दिवशी लावावी. दुसरं म्हणजे आकाशवाणीच्या प्रादेशिक वृत्तविभागांना यात ओढावं. आकाशवाणी आपल्या पैशावर चालते आणि तिची पोच अजून आहे, नेटवर्क नसलेल्या वाडीतही रेडिओ लागतो.

पुणे_तीस

पहिल्या भागाला शंभर टक्के पाठिंबा, दुसऱ्याला अजिबात नाही. दादा, आकाशवाणी सरकारची आहे हो. आकाशवाणी-दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीचा कायदा १९९० चा, तो लागू व्हायला १९९७ उजाडलं, आणि स्वायत्तता अजून कागदावरच आहे. कायद्यात २२ खासदारांची समिती लिहिलीय, १५ लोकसभेतले आणि ७ राज्यसभेतले, ती कधी बसलीच नाही. २०१४ ला पित्रोदा समितीने खऱ्या स्वायत्ततेचा अहवाल दिला, तोही कपाटात गेला. पैसे केंद्राकडून येतात, माणसं केंद्र नेमतं. तुम्ही ठेकेदाराची बिलं घेऊन गेलात तर तिथला अधिकारी आधी वर फोन करेल, आणि तुमची बातमी छापायच्या आधीच फुटेल. शोधपत्रकारितेत गुप्तता पहिली लागते, तीच तुम्ही घालवताय.

कोपनहेगनहून_सातारकर

मी इथे तेरा वर्षं राहतोय म्हणून एक उदाहरण देतो. एप्रिल २०२३ मध्ये डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड या चार देशांच्या सार्वजनिक वाहिन्यांनी मिळून एक शोधमालिका केली. रशियन जहाजं आपली ओळख सांगणारा सिग्नल बंद करून उत्तर समुद्रात फिरतात आणि पवनचक्क्या नि समुद्राखालच्या केबल्सचे नकाशे करतात, असा विषय. रिपोर्टर छोट्या बोटीतून एका जहाजाजवळ गेला तर डेकवर तोंड झाकलेला बंदूकधारी माणूस येऊन उभा राहिला, ते दृश्य इथे घराघरात बघितलं गेलं. मुद्दा असा की या सरकारी पैशावर चालणाऱ्याच वाहिन्या आहेत! डेन्मार्कने वाहिन्यांसाठी घराघरातून घेतली जाणारी लायसन्स फी टप्प्याटप्प्याने बंद केली, २०२२ पासून पैसा करातून येतो. पण करातून पैसा आला म्हणून मंत्री संपादकाला फोन करत नाही. आणि या वाहिन्यांची आपसात देवाणघेवाण १९५९ पासूनची आहे, एकमेकांवरचा विश्वास साठ वर्षांत मुरलाय. आपण सुरूच केलं नाही तर मुरणार कधी?

पुणे_तीस

@सातारकर उदाहरण चांगलंय पण त्याच युरोपातलं दुसरं बघा. स्लोव्हाकियात जुलै २०२४ मध्ये सरकारने एक कायदा करून सार्वजनिक टीव्ही-रेडिओची अख्खी संस्थाच गुंडाळली आणि नव्या नावाने दुसरी उभी केली, आधीच्या प्रमुखाची मुदत तिथेच संपली. याच देशात २०१८ ला यान कुचियाक या शोधपत्रकाराचा होणाऱ्या बायकोसकट खून झाला होता, लोक लाखोंनी रस्त्यावर आले होते, पंतप्रधानाला जावं लागलं होतं. सहा वर्षांत तोच माणूस परत पंतप्रधान, आणि वाहिनी गेली. इतकी जागरूक जनता असून वाचवता आली नाही. सार्वजनिक प्रसारणाच्या भरवशावर शोधाचं काम टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या भिंतीला आपली पडवी टेकवणं आहे, तो भिंत पाडेल तेव्हा आपलं छप्पर जाईल.

जुनी_वार्ताहर

मी एका तालुक्यातून सतरा वर्षं बातम्या दिल्या, म्हणून थोडं जमिनीवरचं सांगते. तुम्ही सगळे फळी, मालिका, देवाणघेवाण बोलताय. तालुका वार्ताहराला काय मिळतं माहितीये का? मला छापून आलेल्या बातमीमागे पैसे मिळायचे, ते महिन्याचं पेट्रोल पण भागवायचे नाहीत. खरं उत्पन्न जाहिरातीच्या कमिशनचं. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, दिवाळी, आणि पुढाऱ्याच्या वाढदिवसाची पुरवणी. ऑफिसातून टार्गेट यायचं. मग वही घेऊन मी कोणाच्या दारात जाणार? ग्रामपंचायत, पतसंस्था, आणि ठेकेदार. एकदा एका रस्त्याच्या कामाची खडी कमी टाकल्याची बातमी माझ्याकडे फोटोसकट होती, मी स्वतः टेप लावून थर मोजला होता, आणि त्याच आठवड्यात त्याच माणसाची अर्ध्या पानाची जाहिरात माझ्या नावावर बुक होती. बातमी दिली. आली नाही. मी परत विचारलं नाही, मुलाची फी भरायची होती. ती टेप अजून माझ्या कपाटात आहे.

म्हणून माझा विरोध तुमच्या कल्पनेला नाही, क्रमाला आहे. आधी वार्ताहराच्या हातातली जाहिरातीची वही काढून घ्या, मग त्याला सीमेपलीकडे पाठवा.

दोडामार्गकर

ताई, वाचून गलबलायला झालं. पण याच कारणासाठी एकत्र यायला हवं ना? तुमच्या पेपरला त्या ठेकेदाराची जाहिरात होती, पणजीच्या पेपरला नव्हती. तुम्ही तीच फाईल तिकडे दिली असती आणि त्यांनी छापली असती, तर दुसऱ्या दिवशी तुमच्या डेस्कला पण घ्यावी लागली असती. एका माणसाला दाबता येतं, तीन राज्यांत चार ठिकाणी असलेली बातमी दाबायला चार जणांना दाबावं लागतं.

राजापूरचं आठवा. ६ फेब्रुवारी २०२३, पत्रकार शशिकांत वारिशे यांची बातमी सकाळी छापून आली आणि त्याच दिवशी त्यांच्या दुचाकीला गाडीने उडवलं, फरफटत नेलं, दुसऱ्या दिवशी ते गेले. ते रिफायनरीच्या जमिनीबद्दल लिहीत होते. खुनाचा गुन्हा दाखल झाला, एसआयटी म्हणजे विशेष तपास पथक बसलं. पण ते ज्या जमिनींबद्दल लिहीत होते ते काम पुढे कोणी केलं, सांगा. माल्टात २०१७ ला डाफ्ने कारुआना गालिझिया या पत्रकार बाईंना गाडीत बॉम्ब लावून मारलं, तर पुढच्या वर्षी १५ देशांतल्या १८ माध्यमांचे ४५ पत्रकार त्यांच्या अपुऱ्या बातम्या पूर्ण करायला बसले. माणूस मारून बातमी मरत नाही हे मारणाऱ्याला कळायला हवं. आपल्याकडे ते कळत नाही.

कायद्याचं_बोला

दोन गोष्टी. एक, महाराष्ट्रात पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध २०१७ चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा, गुन्हा अजामीनपात्र, तपास डीवायएसपी किंवा वरच्या अधिकाऱ्याकडे. म्हणजे कायदा नाही असं नाही, पण नोंद नसलेल्या, पत्र नसलेल्या स्ट्रिंगरला, म्हणजे बातमीमागे पैसे मिळणाऱ्या वार्ताहराला, आपण पत्रकार आहोत हे सिद्ध करण्यापासून सुरुवात करावी लागते. तुमच्या फळीने निदान ओळखपत्र आणि वकील हे दोन तरी द्यावेत.

दोन, युरोपातल्या अशा कामांना फाउंडेशनांचा पैसा असतो. तो आपल्याकडे आणायचा विचार पण करू नका. विदेशी देणगी कायद्याच्या कलम ३ मध्ये नोंदणीकृत वृत्तपत्राचा वार्ताहर, स्तंभलेखक, संपादक, मालक यांना परदेशी देणगी घ्यायला बंदी आहे. कोपनहेगनच्या दादांनी प्रेमाने पाठवली तरी पासपोर्ट कुठला ते आधी बघावं लागेल.

कोपनहेगनहून_सातारकर

पासपोर्ट भारताचाच आहे, पण मुद्दा समजला. मग वाचकांची सहकारी संस्था का नको? बर्लिनचं ताझ नावाचं दैनिक १९९२ पासून वाचक-सभासदांच्या मालकीचं आहे. आणि सहकार तर आपल्याला कोणी शिकवायला नको, गावोगाव दूध संघ आहेत.

जुनी_वार्ताहर

दूध संघाचं नाव घेतलंत म्हणून सांगते, त्या संघांच्या निवडणुका कोण जिंकतं तेही बघा. पुढारी पॅनेल उभं करतो आणि तीन वर्षांत संस्था त्याची होते. सभासद दहा हजार असतील आणि कोणालाच एकापेक्षा जास्त मत नसेल तरीसुद्धा. तरी ठेकेदाराच्या जाहिरातीपेक्षा मला हे चालेल, किमान भांडायला आमसभा तरी असते.

पुणे_तीस

सहकार चालेल. आकाशवाणी नको, यावर मी ठाम.

रेडिओ_ऐकणारी

@पुणे_तीस तुम्ही पुण्याचे, तुम्हालाच आठवण करून देते. जून २०२३ मध्ये पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून बातम्या छत्रपती संभाजीनगरहून द्यायचा आदेश निघाला होता. तेव्हा पुण्यात ओरड झाली आणि आदेश थांबवावा लागला. म्हणजे लोकांना ती आपली वाटते, आणि लोकांनी आवाज केला की फरक पडतो. खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगीच नाही, मग रेडिओवर स्थानिक बातमी द्यायला आकाशवाणी सोडून उरतं कोण? १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे. आपली मालमत्ता वाईट माणसाच्या ताब्यात आहे म्हणून आपण सातबारावरचं नाव काढून टाकतो का?

माझी आई सकाळची प्रादेशिक बातमी लागल्याशिवाय चहाचं आधण ठेवत नव्हती. तिला वाचता येत नव्हतं. कालव्याची बातमी पेपरात कितीही चांगली आली असती तरी तिच्यापर्यंत पोचली नसती.

मी असं नाही म्हणत की गुप्त फाईल तिथे न्या. शोध फळीने करावा, छापून झाल्यावर पणजी, मुंबई, पुणे केंद्रांनी ती बातमी घ्यावी एवढी मागणी तर करू. घेतली नाही तर का घेतली नाही हे माहिती अधिकारात विचारू. प्रत्येक जिल्ह्याला त्यांचा अर्धवेळ वार्ताहर असतो, तो कसा निवडतात, त्याच्या किती बातम्या लागल्या, कशावर लागल्या, हे पण विचारू. सुधारणा म्हणजे दिल्लीतून येणारा कायदाच असतो असं नाही.

पुणे_तीस

छापून झाल्यावर असेल तर माझी हरकत कमी होते, जात नाही. सरकारी केंद्राने बातमी "घेतली" की तिला खुलासा जोडून घेतात, आणि ऐकणाऱ्याच्या लक्षात खुलासाच राहतो. पण पुण्याचा आदेश थांबला हे खरं आहे, तेव्हा मी पण सही केली होती.

खानापूरचा

सीमेवरून बोलतो. इथे मराठी आणि कन्नड वार्ताहर एका चहाच्या टपरीवर बसतात पण म्हादईवर एकत्र बातमी केली तर दोघांनाही आपल्या लोकांकडून फितूर म्हणून ऐकावं लागेल. कणकुंबीला म्हादईचं पाणी वळवायला कळसा नाल्याचं खोदकाम झालं तेव्हा आम्ही बघायला गेलो होतो, लाल मातीचा ढीग आणि त्याच्या कडेला वाहणारं पाणी. तिथे उभं राहिलं की भाषा आठवत नाही, पण घरी येऊन लिहायला बसलं की आठवते. म्हणून म्हादईने सुरुवात करू नका, तिलारीने करा, तिथे माणसं चिडलेली आहेत पण एकमेकांवर नाही. कन्नड कागद लागले तर मी वाचून मराठीत करून देईन. नाव मात्र घालू नका, निदान पहिल्या वर्षी.

दोडामार्गकर

चालेल, तिलारीनेच करू. गोव्यातल्या खात्यात माहितीचा अर्ज टाकायला गोव्याचं असावं लागत नाही, भारताचा नागरिक पुरे. महाराष्ट्रातला अर्ज मी टाकतो, इथे १५० शब्द आणि एकच विषय असा नियम आहे म्हणून मी फक्त एवढंच विचारतोय: गेल्या दहा वर्षांतल्या कालवा दुरुस्तीच्या प्रत्येक कामाचा कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तकाची प्रत आणि अंतिम देयक. पणजीकडचा अर्ज कोण टाकतंय?

जुनी_वार्ताहर

मोजमाप पुस्तकाची प्रत मागू नका, "प्रत्यक्ष पाहणी" मागा. प्रत दिली तर अर्धी पानं पुसट देतात. पाहणीला मी येते, कुठली पानं बघायची ते मला माहितीये.