सन यत-सेननी अध्यक्षपद सोडलंच का?

रामबागवाला: नमस्कार मंडळी, एमपीपीएससीची (मध्य प्रदेशची सरकारी नोकरीची परीक्षा) तयारी करतोय, इंदूरला भंवरकुआँला क्लास आहे. काल सरांनी चिनी क्रांती अर्ध्या तासात उरकली, सन यत-सेन अध्यक्ष झाले, मग युआन शिकाय आला, चला पुढे. माझ्या मात्र डोक्यातून जाईना. ज्या माणसानी १८९४ ला होनोलुलूत संघटना काढली, १८९५ चा उठाव फसल्यावर सोळा वर्षं परदेशात काढली, तो १ जानेवारी १९१२ ला नानजिंगला शपथ घेतो आणि दीड महिन्यात राजीनामा देतो, तोही कोणासाठी तर बादशहाच्याच सेनापतीसाठी? घाबरले का? आणि मग तैवानमध्ये राष्ट्रपिता, कम्युनिस्ट चीनमध्येही मान, हे कसं काय?

सुदामानगरची ताई: घाबरणारा माणूस नव्हता रे तो. १८९६ मध्ये लंडनला चिनी वकिलातीनी त्यांना कोंडून ठेवलं होतं, बारा दिवस, गुपचूप जहाजात घालून चीनला न्यायचं ठरलेलं आणि तिथे पोचले असते तर मुंडकंच उडालं असतं. खोलीत शेगडी पेटवायला कोल नावाचा इंग्रज नोकर यायचा, त्याला विनवून विनवून शेवटी व्हिजिटिंग कार्डावर चार ओळी लिहून दिल्या, त्यानी त्या डॉ. कँटलींकडे पोचवल्या. हे कँटली म्हणजे हाँगकाँगच्या मेडिकल कॉलेजातले त्यांचे गुरुजी. ते स्कॉटलंड यार्डपर्यंत धावले, पेपरात बातमी आली तेव्हा कुठे सुटका झाली.

राजीनाम्याचं म्हणशील तर हातात होतं काय? १० ऑक्टोबर १९११ ला वुचांगला सैनिक उठले तेव्हा हे अमेरिकेत डेन्व्हरला होते, पेपरात वाचून कळलं. तिजोरी रिकामी, आणि उत्तरेत युआनची नव्या पद्धतीची फौज. लढले असते तर घरातच युद्ध आणि परकी सत्ता टपलेल्याच. युआननी सहा वर्षांच्या पू-यीला गादी सोडायला लावली, १२ फेब्रुवारीला, आणि बादशहा गेला तर पद तुला, हा दिलेला शब्द दुसऱ्या दिवशी यांनी पाळला. मला तरी यात मोठेपणाच दिसतो.

जुना_होळकरियन: ताई, मोठेपणा खरा पण चूकही तेवढीच मोठी हो. निवडणूक सन यत-सेनच्या क्वोमिनतांग पक्षानी जिंकली आणि मार्च १९१३ मध्ये त्या पक्षाचे नेते सुंग ज्याओरनना शांघाय स्टेशनवर गोळी घातली, संशय थेट युआनच्या माणसांवर. पुढे तर युआन स्वतःच बादशहा व्हायला निघाला! आपली फौज नसेल तर घटना नुसती कागदावर, हे सन यत-सेनना फार उशिरा उमगलं. म्हणून १९२४ मध्ये रशियाची मदत घेऊन व्हांपोआची लष्करी शाळा काढली. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे बघ, शाळेचा प्रमुख च्यांग काय-शेक, जो पुढे तैवानला गेला, आणि राजकीय विभाग काही काळ चौ एन-लायकडे, जो पुढे कम्युनिस्ट चीनचा पंतप्रधान झाला. दोघं पुढे एकमेकांच्या जिवावर उठले पण सुरुवात एकाच अंगणात. घरातही तेच, पत्नी सुंग छिंगलिंग लाल चीनमध्ये राहिल्या आणि त्यांची धाकटी बहीण च्यांगची बायको.

रामबागवाला: काका, व्हांपोआचं क्लासमध्ये नावसुद्धा निघालं नव्हतं, खूप आभार. सन यत-सेनच्या त्या तीन तत्त्वांतलं तिसरं, लोकांची उपजीविका, ते समाजवादच ना?

सुदामानगरची ताई: अगदी तसंच नाही. राष्ट्र, लोकसत्ता आणि उपजीविका अशी ती तीन. तिसऱ्यात अमेरिकेच्या हेन्री जॉर्ज या अर्थविचारवंताचा विचार आहे. आपल्याकडे सुपर कॉरिडॉर झाला, रस्त्यामुळे शेजारच्या जमिनी महागल्या, त्यात मालकानी काय कष्ट केले? तर ती वाढलेली किंमत सगळ्यांची, असं ते म्हणायचे. मालकानीच आपल्या जमिनीची किंमत सांगायची, त्यावर कर भरायचा, आणि सरकारला हवं तर त्याच भावानी विकत घेणार, म्हणजे कमी सांगायची सोय नाही. पुढे कसणाऱ्याला जमीन हेही आलं. हे सगळं लिहून ठेवलेलं जून १९२२ मध्ये ग्वांगचौला त्यांच्याच सेनापतीनी बंड केलं तेव्हा जळून गेलं, तर १९२४ मध्ये त्यांनी पुन्हा उभं राहून, हातात टिपणं नसताना, व्याख्यानांतून सांगितलं. उपजीविकेवरची व्याख्यानं मात्र अर्धीच राहिली, १२ मार्च १९२५ ला बीजिंगला कॅन्सरनी गेले.