स्वतःपुरत्या लिहिलेल्या ओळी: तुमचे अनुभव सांगा

सांजशाई

परवा बाबांच्या औषधांची जुनी फाइल चाळताना एका तक्त्याच्या पाठीमागे माझ्याच हातच्या चार ओळी सापडल्या. चार वर्षांपूर्वी, स्मृतिभ्रंशाचे निदान झाल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात, त्या लिहिल्या गेल्या असाव्यात. लिहिल्याचे मला मुळीच आठवत नव्हते.

बाबा विचारती मला
कोण आपण, कुठले?
नाव सांगता सांगता
नाव माझेच तुटले.

नावे आणि अलीकडच्या घटना बहुधा आधी पुसल्या जातात, जुन्या सवयी आणि पाठांतर मात्र पुष्कळ दिवस टिकते, असे डॉक्टरांनी तेव्हा सांगितले होते. त्या दिवशी मी कोणाशीही बोललो नव्हतो. घरात सगळेच थकलेले होते आणि माझे दुःख आणखी कोणाच्या अंगावर टाकावे असे वाटत नव्हते. या चार ओळी लिहून झाल्यावर मी उठलो, बाबांचे कपडे बदलले आणि झोपलो, एवढेच आता अंधूक आठवते. लहानपणी अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवत अक्षरे कशी मोजायची, हे बाबांनीच मला शिकवले होते, आणि त्यांच्याविषयीची ओवीही मी त्याच पद्धतीने मोजली असणार.

आपल्यापैकी अनेकांकडे अशा ओळी असतील. त्या उत्तम आहेत की नाहीत हा प्रश्न येथे नको. त्या कधी लिहिल्या, तेव्हा काय चालले होते आणि लिहिल्यानंतर काय झाले, एवढे सांगावे, अशी विनंती आहे.

नीलमोहर

माझ्या कवितेत शब्दांपेक्षा आकडे अधिक आहेत. मुलगी बत्तिसाव्या आठवड्यात जन्मली तेव्हा तिचे वजन १,४८० ग्रॅम होते. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत सर्वच बाळांचे वजन थोडे उतरते, हे परिचारिकेने सांगितले होते. तरीही काट्यावरचा आकडा खाली जाताना पाहणे फार कठीण होते. इन्क्युबेटरच्या काचेबाहेर बसून मी रोज तो आकडा आणि त्याखाली एक ओळ, असे मोबाइलमध्ये लिहीत असे.

१,३६०. आज तुझे वजन उतरले, माझे वाढले.
१,४१०. जांभई. एवढ्याशा तोंडात एवढी मोठी दुपार.
१,४९०. जन्मलीस त्याहून दहा ग्रॅम अधिक. हे दहा ग्रॅम पूर्णपणे आपले दोघींचे.

ती घरी आल्यावर मी लिहिणे थांबवले, कारण हात मोकळे राहत नसत. आता ती आठ वर्षांची आहे आणि ते टिपण तिला पाठ आहे. "दुपार" ही ओळ तिला सर्वांत प्रिय आहे.

पाऊलवाट

नीलमोहरताई, जांभईची ओळ वाचून काही वेळ मी पुढचे वाचूच शकलो नाही.

मात्रावृत्त

सांजशाई, आपल्या ओळी मनाला भिडल्या. एक लहानशी दुरुस्ती सुचवतो. आपण तिला ओवी म्हटले आहे, परंतु चारही चरणांत आठ आठ अक्षरे असल्यामुळे तिला अष्टाक्षरी म्हणणे अधिक योग्य ठरेल. ग्रंथांतील ओवी साधारणपणे साडेतीन चरणांची असते आणि तिचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात.

आता माझा अनुभव. मी आयुष्यभर मुलांना वृत्ते शिकवली, परंतु एखादे वृत्त माणसाला का लागते, हे मला पत्नीच्या निधनानंतर समजले. मंदाक्रांता या वृत्ताच्या चरणात सतरा अक्षरे असतात आणि चौथ्या, दहाव्या व सतराव्या अक्षरावर थांबा येतो. प्रथम चार गुरू (लांब उच्चाराची) अक्षरे येतात, म्हणजे चार जड पावले. त्यानंतर सलग पाच लघू (आखूड उच्चाराची) अक्षरे येतात, आणि तेथे आवाज जणू धावत सुटतो. मग पुन्हा गुरू येतो, थांबा येतो आणि उरलेली सात अक्षरे हेलकावे घेत खाली उतरतात. त्या दिवसांत माझा श्वास नेमका असाच चालत होता; बराच वेळ काहीच होत नसे, मग अचानक सर्व आठवणी एकदम येत आणि त्यानंतर थकवा येई. तीन आठवड्यांत माझे दोनच चरण झाले.

गेली तेव्हा न कळत मला मौन आले घराला,
नेमे येते अजुन सकळी, ऊन शोधी उशाला.

"अजून"चे "अजुन" आणि "सकाळी"चे "सकळी" करण्याची सूट मला घ्यावी लागली. विद्यार्थ्याने अशी सूट घेतली असती तर मी वहीत खूण केली असती. परंतु त्या दोन शब्दांवर मी जेवढे दिवस घालवले, तेवढे दिवस मला दुसरे काही सुचले नाही, आणि ते माझ्यावर झालेले मोठे उपकार होते. दुःख आवरत नव्हते, पण "सकाळी" हा शब्द आवरता येत होता.

ओंजळ

सर, "ऊन शोधी उशाला" हे मी माझ्या आईला वाचून दाखवले. बाबांना जाऊन दोन वर्षे झाली आहेत. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने पुन्हा वाचायला सांगितले.

एक विचारू का? माझे सगळे लेखन मुक्तछंदात आहे. मोजण्याचा जो आधार आपण सांगता, तो मला कधी मिळालाच नाही. मग माझ्या ओळींना काय म्हणावे?

मात्रावृत्त

कविताच म्हणावे. मुक्तछंदात मोजणी नसते, पण थांबणे असतेच. ओळ कोठे तोडायची हे आपण ठरवता, तेव्हा श्वास कोठे घ्यायचा हेही आपणच ठरवत असता, आणि तो निर्णय प्रत्येक ओळीला नव्याने घ्यावा लागतो म्हणून ते काम मला वृत्तापेक्षाही अवघड वाटते. आपल्या आईंना माझा नमस्कार सांगावा.

अबोली_७२

माझ्याकडे पंचवीस वर्षांच्या सहा वह्या आहेत. गेल्या वर्षी लेकीने त्या माझ्या परवानगीने वाचल्या आणि शेवटची वही मिटून विचारले, "आई, तू कधीच आनंदात नव्हतीस का?"

या प्रश्नाने मी हादरले. मी आनंदात होते, अनेकदा होते, परंतु आनंदाच्या वेळी वही उघडावी असे मला कधी वाटलेच नाही. दुःख एकटे असते, त्याला कागद लागतो. आनंदाच्या वेळी घरात माणसे असतात, हसणे असते, हाताला काम असते, आणि तो क्षण कोठेही न नोंदवता निघून जातो. परिणामी माझ्या वह्यांत माझे अर्धेच आयुष्य उतरले आहे आणि वाचणाऱ्याला तेच पूर्ण वाटते. माझ्या माघारी या वह्या कोणी वाचल्या असत्या, तर माझ्या मुलीने मला आयुष्यभर दुःखी स्त्री म्हणून आठवले असते, हा विचार मला अजूनही सोडत नाही.

त्यानंतर मी ठरवून आनंदाचे लिहू लागले आणि ते किती कठीण आहे हे कळले. पहिले कित्येक प्रयत्न अभिनंदनपत्रासारखे झाले. दुःखाची कविता लिहिताना तपशील आपोआप येतात, कारण दुःखात माणूस भिंतीवरचा डागसुद्धा पाहत बसतो. आनंदात आपण इतके बारीक पाहतच नाही. शेवटी मोठे प्रसंग सोडून दिले आणि अगदी लहान क्षण पकडला, तेव्हा सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा हा एक तुकडा जमला.

लेकीची मी वेणी
घालता घालता
दिस मावळता
थांबलासा.

हा मी लेकीच्याच हाताने सातव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतला.

किनारा

अबोलीताई, तुमचे हे वाचून मी माझी वही उघडून पाहिली. त्रेचाळीस कवितांपैकी आनंदाची एक आहे, आणि तीही पाऊस थांबल्याची.

दीपस्तंभ

मी समुपदेशनाचे काम करतो, म्हणून एक गोष्ट जबाबदारीने सांगावीशी वाटते. १९८६ मध्ये जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी अमेरिकेतील विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटे लिहायला सांगण्यात आले. काहींनी आयुष्यातील अत्यंत क्लेशदायक अनुभवाविषयी लिहिले, तर काहींनी किरकोळ विषयांवर. ज्यांनी घटनेबरोबर आपल्या भावनाही लिहिल्या, त्यांना पुढील महिन्यांत आरोग्य केंद्रात जाण्याची गरज कमी पडली. परंतु याच विद्यार्थ्यांना लिहून झाल्यावर लगेच अधिक उदास वाटत होते, ही बाब सहसा सांगितली जात नाही. ते लेखन गद्य होते, त्यामुळे त्यातून कवितेविषयी थेट निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही, तरी माझा स्वतःचा अनुभव याच्याशी जुळतो.

भाऊ गेल्यानंतर मी रात्री उशिरा लिहीत असे आणि लिहून झाल्यावर पहाटेपर्यंत जागा राहत असे. तेच लेखन मी सकाळी आणि मोजून वीस मिनिटे करू लागलो, तेव्हा ते सोसवू लागले. काही दिवस लिहूच नये असेही असतात. लिहिल्यावर प्रत्येक वेळी अधिकच खोल जात असल्यासारखे वाटत असेल, तर वही बाजूला ठेवून जवळच्या माणसाशी किंवा तज्ज्ञाशी बोलावे, असे मी कळकळीने सांगतो.

रानवारा

आमच्या आजीला अक्षरओळख नव्हती. तिच्या ओव्या वहीत कधी नव्हत्याच. त्या तिच्या जात्याबरोबर फिरत आणि दळण संपले की संपत. आत्याला दोन आठवतात. त्यांपैकी ही एक.

दुःख दळीते दळीते, त्याचं झालं पीठ मऊ
सुखाचा गं एक दाणा, जात्याला मी कसा देऊ

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या मुलाने आणि नातलगाने त्यांची गाणी उतरवून घेतली म्हणून १९५२ मध्ये ती पुस्तकरूपाने लोकांपुढे आली. हेमा राईरकर आणि गी प्वाँतवाँ या अभ्यासकांनी गावोगावच्या स्त्रियांकडून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. मी हे वाचतो तेव्हा मला अभिमान वाटतो आणि त्याच वेळी आमच्या घरात कोणी कागद घेऊन आजीजवळ बसले नाही, याचे फार वाईट वाटते. मी स्वतः तिच्या मांडीवर डोके ठेवून ते ऐकत असे आणि मला शाळेत लिहायला शिकवले जात होते.

ज्यांच्या घरी असे कोणी गुणगुणणारे अजून आहे, त्यांनी आजच ऐकून उतरवून घ्यावे.

अबोली_७२

रानवारा, "जात्याला मी कसा देऊ" या एका चरणात आजींनी तेच करून ठेवले आहे, जे करायला मला सातवी वही लागली. सुख त्यांनी दळणातून बाजूला काढून ठेवले होते. आत्यांची दुसरी ओवीही कृपया येथे लिहावी.

रानवारा

आत्याला संध्याकाळी विचारतो. त्या ओवीचा पहिला चरण पक्का आहे, दुसरा प्रत्येक वेळी थोडा बदलतो. बदललेले सगळे पाठ लिहून ठेवीन.

ओलीमाती

नोकरी गेली तेव्हाच्या आठ कविता मी जाळल्या आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. त्यांनी आपले काम केले होते. त्यांत मी ज्या व्यक्तीवर राग काढला होता, तिच्याविषयी आता माझ्या मनात राग उरलेला नाही, आणि तो राग कागदावर शिल्लक राहावा हे मला अन्यायाचे वाटले. सर्वच ओळी जपून ठेवण्यासाठी नसतात, एवढेच नोंदवतो.

सांजशाई

मात्रावृत्त सर, दुरुस्तीबद्दल मनापासून आभार. अष्टाक्षरी हा शब्द मी त्या कागदावर पेन्सिलीने लिहून ठेवला आहे.

अबोलीताईंचे वाचल्यावर माझ्या लक्षात आले की फाइलीत बाबांच्या हरवण्याविषयीच्या ओळी आहेत, परंतु या चार वर्षांत त्यांच्याबरोबर जे चांगले क्षण मिळाले त्यांची एकही ओळ नाही. म्हणून काल दुपारी त्यांच्या पलंगाशेजारी बसून चार चरण लिहिले आणि त्यांनाच मोठ्याने वाचून दाखवले. ते माझ्याकडे पाहत नव्हते. पहिला चरण ऐकताना त्यांचा अंगठा पेरांवर सरकू लागला, आणि दुसऱ्या व तिसऱ्या चरणालाही तसाच सरकत राहिला. शेवटचा चरण मी "पण माणूस ओळखला" असा वाचला, तेव्हा तो अंगठा अडखळला. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि पुन्हा पहिल्या पेरावर अंगठा नेऊन माझ्याकडे पाहत वाट बघत राहिले.

मी मोजले. नऊ अक्षरे झाली होती. शब्द बदलून चरण पुन्हा वाचला, तेव्हा अंगठा आठव्या पेरावर येऊन थांबला आणि त्यांनी हात खाली ठेवला.

आज हसले पाहून,
हात हाती विसावला;
नाव आठवले नाही,
पण माणूस भेटला.