भिजलेले स्पीकर उन्हात ठेवू नका, आधी ड्रायव्हर बाहेर काढा

जुळे सोलापुरात तळमजल्यावर पाणी शिरून उभे स्पीकर भिजल्याचं तुम्ही लिहिलंत, आणि वर एकांनी ते गच्चीवर उन्हात ठेवायला सांगितलंय. कृपया ठेवू नका. आपल्याकडच्या उन्हात ओला कागदी कोन (स्पीकरचा हलणारा शंकूसारखा पडदा) वेडावाकडा आकसतो, गोंदही सुटतो. आणि चालतात का बघायला लगेच अ‍ॅम्प्लिफायर जोडू नका.

स्क्रू काढून ड्रायव्हर, म्हणजे कोन आणि चुंबक असलेला आवाज काढणारा गोल भाग, खोक्याबाहेर घ्या. खरा वैरी पाणी नाही, गाळ आहे. कॉइल (कोनामागची तारेची गुंडाळी) आणि चुंबक यांच्यातली फट मिलिमीटरपेक्षाही कमी असते. तिथे माती किंवा गंज बसला की कॉइल घासते. म्हणून चिखल वाळायच्या आत स्वच्छ पाण्याने हलक्या हाताने धुवा, शेवटी बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर. ओल्या कोनाला बोट लावू नका, कागद लगेच फाटतो. मग कोन वर करून सावलीत, पंख्याखाली, निदान आठवडाभर. सोलापूरची कोरडी हवा इथे खरंच उपयोगी पडते.

वाळल्यावर कोन चारी बाजूंनी सारखा दाबून बघा, खरखर नको. मल्टिमीटरवर ८ ओहमचा ड्रायव्हर साधारण ६ दाखवतो. मग ड्रायव्हरच्या दोन टोकांना १.५ व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, कोन टक् करून हलायला हवा. ट्वीटरवर (बारीक, उंच आवाजाच्या छोट्या ड्रायव्हरवर) मात्र हा प्रयोग नको.

खोकं एमडीएफचं (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचं) असून फुगलं असेल तर त्याचा नाद सोडा. सुताराकडून प्लायवुडचं करून घ्या, फक्त आतली मापं तीच ठेवायला सांगा.