फाटकाच्या उतारावर येणारी शेजाऱ्यांची गाडी: आमचा हक्क नेमका कोठपर्यंत?

कर्वेनगरवासी:
पुण्यात कर्वेनगरला आमचा जुना बंगला असून समोरचा रस्ता जेमतेम वीस फूट रुंद आहे. समोरचा बंगला पाडून तेथे पाच मजली इमारत उभी राहिली. तेथील एका कुटुंबाकडे दोन गाड्या आणि पार्किंग एक, त्यामुळे त्यांची दुसरी गाडी रोज आमच्या कुंपणाला लागून उभी असते. त्याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु गाडीचा पुढचा भाग फाटकाच्या उतारावर दीड-दोन फूट येतो आणि त्यात समोर दुचाकींची रांग लागली, की आमची गाडी बाहेर काढताना पुरेसे वळण मिळत नाही. सूनबाईंना पहाटे कामावर निघायचे असते, तेव्हा त्यांना कोणाची तरी बेल वाजवावी लागते. विनंती केल्यावर "रस्ता महापालिकेचा आहे" एवढेच उत्तर मिळाले. शेवटी आम्ही उताराच्या कडेला कुंड्या मांडल्या, तर वाद अधिकच चिघळला. फाटकासमोरची जागा मोकळी मिळण्याचा आम्हाला हक्क आहे का, आणि असल्यास दाद कोठे मागावी?

दिवाणी वकील:
शेजाऱ्यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. कुंपणालगतच्या रस्त्यावर तुमचा मालकी हक्क नाही. मात्र आपल्या मिळकतीतून सार्वजनिक रस्त्यावर येण्याजाण्याचा हक्क तुम्हाला निश्चितच आहे. मोटार वाहन चालविण्याच्या 2017 च्या विनियमांनुसार मिळकतीचे प्रवेशद्वार अडेल अशा रीतीने वाहन उभे करता येत नाही, त्यामुळे उतारावर आलेले दोन फूट हा नियमभंगच ठरतो. त्यासाठी मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 177 खाली पहिल्या वेळी 500 आणि पुढे 1500 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. वाहतूक पोलिसांना गाडी हलविण्याचेही अधिकार आहेत. सार्वजनिक रस्त्यात अडथळा आणल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम 285 मध्ये 5000 रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण शेजाऱ्यांच्या भांडणात पहिल्याच दिवशी तेथवर जाऊ नये, असे माझे मत आहे.

कुंड्या मात्र आजच उचला. रस्त्यावर ठेवलेली वस्तू हे अतिक्रमण असून महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 231 नुसार आयुक्तांना ती नोटीस न देताही हटविता येते. शिवाय, तक्रारदाराचेच अतिक्रमण समोर असेल तर त्याच्या अर्जाला वजन राहत नाही. "येथे गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल" ही पाटी आपल्या शहरात कौतुकाने वाचली जाते, पण प्रत्यक्षात हवा सोडली तर तो तुमच्यावरच गुन्हा ठरू शकतो.

माजी सचिव:
तक्रार करताना छायाचित्रात गाडीचा क्रमांक, उतार आणि फाटकाचा खांब एकत्र दिसायला हवेत. नुसत्या गाडीच्या छायाचित्रावरून ती फाटकासमोर आहे हे सिद्ध होत नाही, आणि बहुतेक तक्रारी येथेच लंगड्या पडतात. पहाटे खरोखरच अडकलात तर 112 वर कळवावे.

परंतु तुमची अर्धी अडचण समोरच्या दुचाकींची आहे आणि ती एका शेजाऱ्याशी भांडून सुटणार नाही. त्यासाठी गल्लीतील रहिवाशांच्या सह्या घेऊन वाहतूक शाखेकडे एका बाजूलाच पार्किंग ठेवण्याचा, किंवा सम-विषम तारखांच्या पी-1, पी-2 पद्धतीचा अर्ज द्यावा. समोरच्या इमारतीचा मंजूर नकाशाही पाहा. नकाशात पार्किंग म्हणून दाखविलेल्या जागेत आज गोदाम किंवा कार्यालय थाटलेले असेल, तर रस्त्यावरच्या गर्दीचे मूळ तेथे सापडेल.

चौथा मजला:
मीही अशाच एका नव्या इमारतीत राहतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. आमच्या समोरच्या बंगल्याच्या आवारात तीन गाड्या सहज मावतील, पण तेथे बाग आहे आणि त्यांची स्वतःची दुसरी गाडी रस्त्यावर असते. वर कुंपणाच्या पूर्ण लांबीभर दगड रचून ती जागा "आमची" म्हणून अडविली आहे. अशा अनुभवानंतर उतारावरच्या दोन फुटांची रास्त तक्रारही माणसाला अरेरावी वाटू लागते. त्यामुळे बोलणी करताना कुंपणालगतच्या जागेवर आपला दावा नाही, हे आधी स्पष्ट सांगावे आणि मागणी फक्त उताराच्या कडेपर्यंतच ठेवावी. गाडी चार फूट मागे घेण्याइतकी जागा कुंपणाशी आहे का, हे मोजून ठेवले असेल तर आणखी चांगले.

कर्वेनगरवासी:
सर्वांचे आभार. जागा मोजली. त्यांची गाडी मागे घेतल्यास विजेच्या खांबापर्यंत साडेतीन फूट उरतात, म्हणजे उतार पूर्ण मोकळा होऊ शकतो. कुंड्या आत घेतल्या असून रविवारी त्यांच्याकडे जाऊन बोलणार आहे. एका बाजूच्या पार्किंगचा अर्ज वाहतूक शाखेकडे द्यायचा की क्षेत्रीय कार्यालयाकडे?

माजी सचिव:
मूळ अर्ज वाहतूक शाखेकडे द्या आणि प्रत क्षेत्रीय कार्यालयाला. समोरच्या इमारतीतील निदान दोन-तीन सह्या त्यावर असू द्या, नाहीतर त्यांच्याकडूनच हरकत येईल.