रग्बीची निवड तेराव्या वर्षी नको

गोदाकाठ_१५:
गेल्या रविवारी नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर १४ वर्षांखालच्या रग्बीची निवड चाचणी पाहिली. चाळीसएक मुलं. उंची मोजली, उभी उडी घेतली, ३० मीटर पळवलं आणि दोन तासांत बारा जण निवडले. चेंडू कुणाच्या हातात दिलाच नाही. निवडलेल्यांपैकी नऊ जणांना मिसरूड फुटलेलं होतं. लवकर वयात आलेली मुलं निवडली गेली, बस्स. खेळाडू कोण, हे तिथे कुणी पाहिलंच नाही.

एकाच वयोगटात जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला मुलगा समोरासमोर येतात. तेराव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक म्हणजे कधीकधी दहा-बारा किलोचा फरक. न्यूझीलंडमध्ये काही भागांत म्हणूनच मुलांना वयाबरोबर वजनाच्याही गटात खेळवतात, आणि अगदी लहानांना कमरेच्या पट्ट्याला झेंडे लावून रिप्पा रग्बी; झेंडा ओढला की पकडलं. तिथे धडक नाहीच, नुसतं पळणं, पास देणं, मोकळी जागा हेरणं.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. चांदवडच्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ लष्करात गेल्यावर, विशी ओलांडल्यावर पहिल्यांदा वल्हं हातात धरतो आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये नौकानयनात तेरावा येतो. तेराव्या वर्षी त्याची कोणती चाचणी घेतली असती?

माझं म्हणणं एवढंच: सोळाव्या वर्षापर्यंत कुणालाही घरी पाठवू नका. सगळ्यांना खेळवा, निवड नंतर करा.

हरसूलचा_मास्तर:
ज्यांच्या घरी रोज दूध-अंडं आहे त्यांच्यासाठी हे ठीक आहे. मी पाड्यावर शिकवतो. माझ्या वर्गातली सगळ्यात चपळ पोरगी सोळाव्या वर्षापर्यंत थांबली तर तोवर ती आईबापाबरोबर दिंडोरीकडे द्राक्षबागेत छाटणीला गेलेली असेल. ती परत येत नाही. तेराव्या वर्षी तिला निवासी केंद्रात उचललं, दोन वेळचं जेवण आणि शाळा दिली, तरच ती खेळात राहते.

भुवनेश्वरच्या किस या आदिवासी मुलांच्या निवासी संस्थेने हेच केलं. आदिवासी मुली तिथे राहून शिकल्या आणि त्यांतल्या कित्येक भारताकडून खेळल्या. दक्षिण आफ्रिकेला २०१९ आणि २०२३ चा विश्वचषक जिंकून देणारा कर्णधार सिया कोलिसी झ्वीडे वस्तीतला. बाराव्या वर्षी शिष्यवृत्तीवर ग्रे शाळेत गेला म्हणून तो जगाला दिसला. आमची धावपटू कविता राऊतही सावरपाड्यातच राहिली असती तर २०१० चं राष्ट्रकुल पदक आलं असतं का?

गोदाकाठ_१५:
मास्तर, छाटणीचा मुद्दा खरा आहे, मी त्याचा विचारच केला नव्हता. पण कोलिसीच्या बाबतीत एक बघा. तिकडच्या मोठ्या शाळा एकेका वयोगटाचे चार-पाच संघ उतरवतात. वरच्या संघात न बसलेलं पोरही शनिवारी सामना खेळतं. आपल्याकडे बारा निवडले की उरलेल्या अठ्ठावीस जणांना पुढचा सामनाच नसतो. आयर्लंडमध्ये खाजगी शाळांची मक्तेदारी आहे अशी ओरड कायम असते, तरी टाइग फर्लाँगसारखा प्रॉप (पुढच्या फळीतला दणकट खेळाडू) गावाकडच्या क्लबातून वर येतो, कारण क्लबची वाट बंद केलेली नाही.

सिडकोची_आई:
तुम्ही दोघं निवडीचंच बोलताय. माझी मुलगी चौदाची, कबड्डीतून रग्बीत गेली. अशा मुली पकडीत चटकन रुळतात असं म्हणून त्यांना लगेच टॅकलला, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला पकडून पाडायला, उभं करतात. पण कबड्डीत घोट्याला झेप घेताना डोकं समोर येतं. रग्बीत तेच डोकं पळणाऱ्याच्या मागच्या बाजूला, त्याच्या अंगाला चिकटून हवं. हे मोडायला आणि नव्याने बसवायला महिने लागतात. तिच्या डोक्याला गुडघा लागला तेव्हा पाणी मारून तिला पुन्हा मैदानात पाठवलं. शंका आली तरी खेळाडूला बाहेर काढायचं, त्या दिवशी परत आत घ्यायचं नाही, हा जागतिक रग्बी संघटनेचा नियम आहे. इंग्लंडने तर २०२३ पासून क्लब पातळीवर टॅकल छातीच्या हाडाखालीच, असं केलं. निवासी केंद्र असो की जिल्ह्याचं, तिथल्या प्रशिक्षकाला हे येतं का, हे आधी विचारा. न येणाऱ्याच्या हाती मी मुलगी देणार नाही.

पंचवटी_फलाट:
पालक म्हणून सांगतो, निवड लवकर हवीच. सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण, दहावी-बारावीचे वाढीव गुण, सगळं प्रमाणपत्रावर ठरतं. २०२५ च्या जूनमध्ये मुंबईत रग्बी प्रीमियर लीग झाली तरी सहा संघांत जागा किती? सोळापर्यंत नुसतं खेळत राहायला कोण पाठवेल?

गोदाकाठ_१५:
प्रमाणपत्रासाठी आलेला मुलगा ते हातात पडलं की बूट टांगतो. असे मी डोळ्यांनी पाहिलेत.

सिडकोच्या ताईंचं मात्र पूर्ण पटलं. चौदापर्यंत धडक नकोच. सात जणांच्या रग्बीत मैदान पूर्ण आकाराचं आणि सात-सात मिनिटांचे दोन डाव. पळणं आणि पास यांवरच निम्मा सामना सुटतो. ते शिकायला धडक लागत नाही. झेंड्यांच्या खेळात मुलं-मुली एकत्र खेळतील, बारीक पोरगंही टिकेल.

हरसूलचा_मास्तर:
माझं मत बदललेलं नाही, निवासी केंद्र हवंच. पण झेंड्यांचा खेळ आमच्या शाळेच्या पटांगणात उद्यासुद्धा सुरू होईल. पट्टे जुन्या साड्यांचे करू. शनिवारी सकाळची शाळा असते, त्यानंतर या. येताना चेंडू आणा, आमच्याकडे दोनच आहेत आणि पोरं साठ.