खेळायचा मैद्याचा गोळा चिकट का होतो?

प्रश्न: अडीच वर्षांच्या मुलीसाठी १ वाटी मैदा, अर्धी वाटी मीठ पाण्यात मळलं. दुसऱ्या दिवशी गोळ्याला पाणी सुटलं, हाताला चिकटतोय. काय चुकलं?

उत्तर १: कच्चा ठेवलात. मीठ हवेतला ओलावा ओढतं, पावसाळ्यात तर फारच. याच मापात १ वाटी पाणी, १ मोठा चमचा तेल, २ चमचे लिंबाचा रस घालून गुठळ्या मोडा आणि मंद आचेवर ढवळत राहा. ४-५ मिनिटांत कडा सोडून गोळा होतो. मध्येच उतरवलात तर पुन्हा चिकट. कोमट असताना मळा, पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. नाहीतर झाकणाची वाफ त्यातच गळते.

उत्तर २: मीठ बारीकच घ्या, जाडं हाताला खरखरतं. रंगाला बिटाचा रस चालेल, तेवढं पाणी कमी करा. हळदीचे डाग मात्र सहज निघत नाहीत!

उत्तर ३: अजून सगळं तोंडात घालत असेल तर हा गोळा नकोच, मीठ फार आहे. त्यापेक्षा मोदकाची उकड काढा, बिनमिठाची. भेगा पडल्या की ओला हात लावून मळा. संध्याकाळी टाकून द्या.